शहराचा नंबर आणि पाण्याचा दिवस

आमच्या लोकमान्यनगरातल्या एका काकूंना मी परवा विचारलं, "काकू, आपल्या आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल? शून्य म्हणजे याहून वाईट नाही, दहा म्हणजे याहून चांगलं नाही." काकूंनी एक्क्याऐंशी पूर्ण केली आहेत. मांडीवर परात घेऊन तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाण्याचा दिवस आज आहे की उद्या, ते आधी सांग. त्याच्यावर आहे."

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पाणी येतं ते नर्मदेचं, मंडलेश्वराजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून उपसून आणि घाट चढवून. शहराच्या बऱ्याच भागांत ते एक दिवसाआड मिळतं. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी काकू पहाटे साडेपाचला नळाशी उभ्या. आधी प्यायचं पाणी कळशीत, मग हौद, मग मोटर लावून गच्चीवरची टाकी, आणि धार बारीक झाली की जे येईल ते बादल्यांत. गुडघे धरतात म्हणून नळाजवळ एक लाकडी स्टूल ठेवलंय. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. मोटर हवा ओढायला लागली की शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. त्या सकाळी काकूंना विचाराल तर पाच गुण मिळतील. दुसऱ्या दिवशी टाकी भरलेली, आलं घातलेला चहा, दुपारी भिशीला चार बायका येणार, असं असेल तर आठ. बाई तीच, घर तेच, शहरही तेच.

हा प्रश्न माझा नाही. जागतिक आनंद अहवाल २०१२ पासून निघतोय आणि त्याची सगळी क्रमवारी याच शिडीच्या प्रश्नावर उभी आहे. शिडीच्या कुठल्या पायरीवर तुम्ही स्वतःला उभं पाहता, एवढंच विचारतात. २०२५ च्या अहवालात फिनलंड सलग आठव्या वर्षी पहिला होता आणि १४७ देशांत भारत ११८ वा. त्याच वर्षी जुलैत आमचं इंदूर स्वच्छतेच्या सर्वेक्षणात आठव्यांदा अव्वल ठरलं. त्याआधी २०२१ मध्ये केंद्र सरकारने राहणीमान सुगमतेचा निर्देशांक जाहीर केला, त्यात दहा लाखांवरच्या शहरांत इंदूर नववं होतं आणि महापालिकांच्या कारभाराच्या यादीत पहिलं. म्हणजे पहिलं, नववं, पुन्हा पहिलं, आणि देश एकशे अठरावा. या सगळ्या आकड्यांच्या खाली राहणारी माणसं मात्र तीच, आमच्या गल्लीतली.

आर्थिक क्रमवारी शहराची कमाई सांगते, असं माझं मत आहे. त्या कमाईसाठी तिथं राहणाऱ्यांनी आपल्या दिवसातून, झोपेतून, नात्यांतून काय मोजलं, ते ती सांगत नाही. आणि माणूस सुखी आहे की नाही हे ठरतं त्या दुसऱ्या हिशेबावर. तो हिशेब कोणी ठेवत नाही, म्हणून पहिलाच खरा वाटायला लागतो.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे आकड्यांशी माझं वैर नाही. पण सरासरी काय करते ते मी काउंटरवर बसून पाहिलंय. एका मार्चअखेरीला आमच्या शाखेत एका बिल्डरने जमिनीच्या व्यवहाराची मोठी रक्कम ठेवली आणि ठेवींचं उद्दिष्ट एका दिवसात पूर्ण झालं. शाखा विभागात पहिली आली. पेढे आले, फोटो निघाले. त्याच सकाळी पासबुक छापायचं यंत्र बंद होतं आणि पेन्शनवाली मंडळी दारापर्यंत रांगेत उभी होती. एक आजोबा पुनःपुन्हा येऊन विचारत होते, "ताई, माझे जमा झाले का, तेवढं सांगा फक्त." प्रत्येक खात्यामागची सरासरी शिल्लक त्या दिवशी भरघोस वाढली होती. आजोबांच्या खात्यात एक रुपयाही वाढला नव्हता. शाखेचा नंबर खोटा नव्हता आणि आजोबांची काळजीही खोटी नव्हती. पण नंबर पाहून कोणी त्या रांगेचा अंदाज बांधला असता तर तो साफ चुकला असता. दरडोई उत्पन्नाच्या जोरावर एखाद्या शहराला 'समृद्ध आणि समाधानी' ठरवतात तेव्हा मला ती रांग आठवते.

वर सांगितलेल्या राहणीमान निर्देशांकातच याचा पुरावा आहे. त्यात १११ शहरं होती. आर्थिक क्षमतेला १५ टक्के वजन दिलं होतं आणि लोकांच्या स्वतःच्या मताला ३० टक्के. बत्तीस लाखांवर लोकांना विचारलं गेलं. आर्थिक क्षमतेत बंगळूर इतर मोठ्या शहरांच्या फार पुढे होतं आणि एकूण यादीतही पहिलं आलं. पण लोकांनी आपल्या शहराला सर्वांत भरभरून गुण कुठे दिले? भुवनेश्वर, सिल्वासा, दावणगेरे, काकीनाडा, बिलासपूर, भागलपूर इथे. पैशाच्या यादीत या नावांकडे कोणी पाहिलंही नसतं. एकाच अहवालाच्या दोन रकान्यांत दोन वेगळी शहरं वर आली, आणि बातमी झाली फक्त बेरजेची. आणखी एक गोष्ट. लोकांची मतं घेतली २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये, निकाल लागला २०२१ च्या मार्चमध्ये. मधल्या वर्षात टाळेबंदी आली, नोकऱ्या गेल्या, घरोघरी आजार आला. निकाल वाचताना आम्ही जी माणसं होतो, ती उत्तरं देणारी माणसं राहिलो नव्हतो.

आता कोणी म्हणेल, भागलपूरच्या माणसाच्या अपेक्षाच कमी असतील, म्हणून तो समाधानी. हा आक्षेप हलका नाही. अमर्त्य सेन यांनी तो फार पूर्वी नेमकेपणाने मांडला आहे: ज्याला वर्षानुवर्षं काही मिळालेलं नाही, तो आपल्या इच्छाच आखडून घेतो आणि मग विचारलं की म्हणतो, बरं चाललंय. आपल्या मराठीत तर 'चाललंय' हा शब्द याच कामासाठी घडल्यासारखा आहे. पोट भरलेला माणूसही 'चाललंय' म्हणतो आणि औषधाला पैसे नसलेलाही. काकूंनी एक दिवसाआडचं पाणी इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की रोज पाणी यावं ही मागणीही त्या करत नाहीत. त्यांची मागणी एवढीच की ठरल्या वेळी यावं. म्हणून नुसतं 'सुखी आहात का' विचारून भागणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण लोकांचं उत्तर अपुरं आहे म्हणून लोकांना विचारूच नये आणि उलाढालीवरूनच त्यांचं सुख ठरवावं, हे त्यातून निघत नाही. अपुऱ्या उत्तरावर इलाज म्हणजे अधिक बारीक प्रश्न.

उलाढाल माणसाच्या सुखाबद्दल इतकी मुकी का, हे पाण्याच्याच उदाहरणाने सांगते. नळाला रोज स्वच्छ पाणी आलं तर अर्थव्यवस्थेच्या वहीत फार काही नोंद होत नाही. पाणीपट्टी थोडीच असते. पाणी आलं नाही तर? टँकर बोलवावा लागतो, त्याची नोंद. मोटर, टाकी, मोटरचं वाढीव वीजबिल, त्यांची नोंद. पाण्याचा भरवसा नाही म्हणून स्वयंपाकघरात आरओचं यंत्र, त्याचं वर्षाचं मेंटेनन्स, पाहुणे आले की वीस लिटरचा कॅन. तरीही पोट बिघडलं तर डॉक्टर, औषधं, सलाईन. हे सगळं शहराच्या कमाईत जमा होतं. जितकं पाणी वाईट, तितकी उलाढाल जास्त. काकूंची पहाटेची झोप मात्र कुठल्याही रकान्यात नाही.

आणि हे नुसतं कल्पनेतलं उदाहरण नाही. २०२५ च्या डिसेंबरअखेर आमच्याच शहरात भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात घाण पाणी मिसळलं. शेकडो माणसं उलट्या-जुलाबांनी रुग्णालयात गेली, काही जीव गेले. ते आठवडे आम्ही सगळ्यांनी पाणी उकळून प्यायलो आणि रात्री बातम्या लावायची धास्ती घेतली. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ही पदवी तेव्हाही आमच्याकडेच होती. स्वच्छतेत इंदूरने मिळवलेलं यश खरं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला नंबराचं काय सांगणार?

राष्ट्रीय उत्पन्न मोजायची आधुनिक रीत बसवणारे सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकेच्या काँग्रेसला बजावून सांगितलं होतं, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज क्वचितच बांधता येतो. माप तयार करणाऱ्यानेच त्याची मर्यादा सांगून ठेवली होती. आपण माप घेतलं आणि इशारा सोडून दिला.

दुसरी गोष्ट ओटल्यांची. जुन्या इंदुरात, राजवाड्याच्या आसपास आणि रामबागेकडे, घरापुढे ओटला असायचा. गुडघाभर उंचीचा, दगडी किंवा फरशीचा. संध्याकाळी त्यावर आजोबा पेपर घेऊन बसत, बायका भाजी निवडत, मुलं त्याच्याच कडेला पाटी टेकवून पाढे म्हणत. जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकणं हा ओटल्याचा धर्म होता. "काय हो, दोन दिवस दिसला नाहीत?" हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकलंय. एखादा दोन दिवस दिसला नाही हे गल्लीला कळत होतं, आणि कळलं की कोणीतरी जाऊन बघत होतं. पुढे रस्ते रुंद झाले, घरांची तोंडं कापली गेली, ओटले गेले. काही ठिकाणी जुनं घर पाडून चार मजली झालं आणि ओटल्याच्या जागी पार्किंग आलं. रुंद रस्ता नको होता असं मी म्हणत नाही. अग्निशमनाची गाडी आत जायला हवी, रुग्णवाहिका यायला हवी. पण हिशेब पाहा. पाडकामाची मजुरी कमाईत धरली, नव्या बांधकामाची धरली, नव्या फ्लॅटची विक्री, कर्जाचं व्याज, स्टँप ड्यूटी, दाराबाहेरचा कॅमेरा, सगळं धरलं. आणि "दोन दिवस दिसला नाहीत" हे वाक्य गेलं, ते कुठेच वजा झालं नाही. पूर्वी ते फुकट होतं, म्हणून वहीत नव्हतंच. जे वहीत नव्हतं ते हरवल्याचंही वहीला कळत नाही.

शहराची कमाई तरी नीट मोजली जाते का? आपल्याकडे राज्याचं उत्पन्न काढतात, जिल्ह्याचे अंदाज काढतात. शहराचं असं नियमित सरकारी खातं नाही. पीथमपूरचे कारखाने धार जिल्ह्यात मोडतात. तिथं राबणारे कितीतरी जण पहाटे इंदुरातून बसने जातात आणि अंधार पडल्यावर परततात. उत्पादन धारच्या नावावर चढतं, थकवा इंदुरात येऊन झोपतो. दरडोई काढायला भागायचं कशाने, तोही प्रश्न. शेवटची जनगणना २०११ ची, तेव्हा शहराची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास होती. त्यानंतर शहर चारही दिशांना पसरलं आणि आज किती जण आहेत हा अंदाजच आहे. अशा पायावर शहरांना एकापुढे एक उभं करायचं आणि दशांशाच्या फरकाने वर-खाली ठरवायचं, यात मला तरी फार अर्थ दिसत नाही.

जगभरच्या 'राहण्यायोग्य शहरां'च्या याद्यांचंही असंच आहे. त्यांतल्या नावाजलेल्या याद्यांचा एक मोठा उपयोग असा, की कंपनीने आपला अधिकारी परदेशात पाठवला तर त्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा ते ठरवायचं. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला तिथं किती त्रास होईल, हे त्यात पाहिलं जातं. हे माप त्या कामासाठी योग्यच आहे. पण ज्याचं लग्न, बाळंतपण, म्हातारपण आणि शेवट त्याच शहरात व्हायचा आहे, त्याचं सुख त्यात शोधायचं म्हणजे पाहुण्याला विचारून घरच्या सुनेचं सुख ठरवण्यासारखं आहे.

सुनेवरून काकूंचा मुलगा आठवला. इंदूरच्या मराठी घरांत हे आता घरोघरचं आहे. मुलं शिकली की पुणे, बंगळूर, नाहीतर थेट परदेश. पुणे २०१८ च्या राहणीमान निर्देशांकात पहिलं होतं, नंतरच्या वेळी दुसरं. मुलगा त्या पुण्यात, चांगल्या पगारावर. आई नवव्या नंबरच्या इंदुरात, स्वतःच्या घरात. मुलगा हिंजवडीच्या रहदारीत अडकलेला असताना गाडीतूनच आईला फोन करतो, कारण तेवढाच वेळ मोकळा असतो. काकू फोन उचलतात आणि पहिलं वाक्य हेच, "जेवलास का?" तो म्हणतो, "अजून रस्त्यात आहे." दोन्ही शहरं वरच्या दहांत आहेत. जेवायला मात्र दोघंही एकेकटी बसतात. २०२५ च्या आनंद अहवालात याच गोष्टीवर एक अख्खं प्रकरण आहे: माणूस आठवड्यात किती वेळा कोणाबरोबर बसून जेवतो यावरून त्याच्या समाधानाचा अंदाज जितका येतो, तितकाच तो त्याच्या उत्पन्नावरून येतो. आपल्या आज्यांना हे सांगायला अहवाल लागला नसता. पण धोरण ठरवणाऱ्यांना आकडा लागतो, तर हा आकडाही आता आहे.

एवढं लिहिल्यावर एक गोष्ट ठासून सांगायला हवी, नाहीतर माझं म्हणणं भलतीकडे जाईल. 'पैसा नसला तरी गरीब माणूस सुखी असतो' हे मी म्हणत नाही. ते खोटं आहे, आणि जे म्हणतात त्यांनी कधी महिनाअखेर काढलेली नसते. मला हे शिकवलं ते मिलवाल्यांनी.

आमच्या शाखेत हुकुमचंद मिलच्या कामगारांची खाती होती. १२ डिसेंबर १९९१ रोजी मिल बंद पडली आणि ५,८९५ कामगार रस्त्यावर आले. त्यांची थकलेली देणी मिळायला २०२३ चा २५ डिसेंबर उजाडावा लागला. २२४ कोटी रुपये, बत्तीस वर्षांनी. त्या बत्तीस वर्षांत इंदूर कुठून कुठे गेलं: आयआयएम आलं, आयआयटी आली, सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसच्या इमारती उभ्या राहिल्या, एका रस्त्यामागून एक मॉल झाले. शहराचं नाव चढत गेलं आणि त्याच शहरात हजारो घरं पासबुक घेऊन वाट बघत राहिली. विव्हिंग खात्यात साच्यावर काम केलेले एक दादा दर महिन्याला यायचे. खात्यात काही येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी ते पासबुक पुढे सरकवायचे आणि मी ते यंत्रात घालायचे. बाहेर यायची ती कोरी ओळ. मग म्हणायचे, "चला, पुढच्या महिन्यात बघू." मुलीचं लग्न कर्जावर झालं. मोठा मुलगा दहावीनंतर गॅरेजमध्ये लागला. पैसे आले तेव्हा दादा नव्हते. त्यांच्या बायकोने सही केली. पैशाने सुख मिळत नाही, हे वाक्य त्या बाईंसमोर कोणी उच्चारून दाखवावं.

पण याच दादांची दुसरी आठवणही मला सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय पहिली अर्धी आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात मिलच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे हलते देखावे, निघतात, ही सुमारे शंभर वर्षांची रीत. मिल बंद पडल्या, भोंगे थांबले, पण कामगारांनी झांक्या थांबू दिल्या नाहीत. वर्गणी, मदत, उधारी, जे मिळेल त्यावर त्या उभ्या राहिल्या. एका वर्षी दुपारी मालवा मिलकडून जाताना मला दादा दिसले. झांकीच्या गाडीखाली पाठीवर झोपून पाना फिरवत होते. वरच्या हत्तीचे कान हलायला हवे होते आणि त्यासाठी त्यांनी जुन्या सायकलची चेन आणि कुठल्याशा पंख्याची मोटर जोडली होती. हात ग्रिसने काळे, शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुतलेला सदरा, रात्री घालायला. मला पाहून म्हणाले, "ताई, रात्री या बरं का, डावा कान बघा. उजवा दुसऱ्याने केलाय." त्या रात्री मी गेले. गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं हत्ती दिसताच ओरडत होती. दादा गाडीच्या बाजूने चालत होते, नजर त्या डाव्या कानावर.

त्या रात्री शिडीचा प्रश्न विचारला असता तर दादांनी नऊ सांगितले असते, अशी माझी खात्री आहे. आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या काउंटरवर दोन. दोन्ही उत्तरं खरी. नऊ गुणांच्या रात्रीमुळे बत्तीस वर्षांचा अन्याय माफ होत नाही, आणि अन्याय झाला म्हणून ती रात्र खोटी ठरत नाही. शहर कमावतं किती, हे विचारणाऱ्याच्या हाती यातलं काहीच लागत नाही. ज्याच्या हाती लागायला हवं त्याने दादांना दोन प्रश्न विचारायला हवे होते: तुमचं कोणाकडे काही येणं आहे का? आणि तुमच्या हातच्या कामाची कोणाला गरज आहे का?

मग मोजणंच सोडून द्यावं का? मुळीच नाही, आणि याचा सर्वांत मोठा दाखला इंदूरच आहे. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या चौकाचौकांत कचऱ्याच्या पेट्या ओसंडून वाहत होत्या. मोजणी आली, स्पर्धा आली आणि पालिका, सफाई कामगार, गल्लीतल्या बायका, शाळकरी मुलं सगळे कामाला लागले. ओला-सुका वेगळा करणं आता आमच्या हातांना इतकं सवयीचं झालंय की दुसऱ्या गावी गेल्यावर केळ्याची साल हातात घेऊन आम्ही डबा शोधत फिरतो. देवगुराड्याला कचऱ्याचा डोंगर होता. तिथं आज ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार करणारा प्रकल्प आहे, रोज ५५० टन क्षमतेचा. २०१७ साली पहिला नंबर आला तेव्हा आमच्या घरी शिरा झाला होता. आपल्या गावाचा अभिमान वाटणं हेही सुखच आहे आणि ते या क्रमवारीने आम्हाला दिलं. जे मोजाल ते सुधारतं, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

म्हणूनच काय मोजलं जात नाही, याचं मला इतकं वाटतं. पहाटे रस्ता झाडून जाणारी बाई रोजंदारीवर आहे की कायम, हे स्वच्छतेच्या नंबरात दिसत नाही. मस्टरवरची नोकरी म्हणजे काय, ते तिच्या घरी विचारा: आजारी पडलं की पगार कापला. आमच्या गल्लीत येणाऱ्या ताईंना पाठीचं दुखणं आहे. शहराच्या आठही पुरस्कारांत त्यांच्या पाठीचा वाटा आहे. त्यांना शिडीची कुठली पायरी, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

आमच्या मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला, देशात पहिल्यांदा. पुष्कळांनी तेव्हा नावं ठेवली. मला ती कल्पना आवडली होती आणि आजही आवडते. नको असलेल्या वस्तू ठेवायच्या आणि हव्या असतील त्या न्यायच्या, अशा 'आनंदम्' जागा झाल्या. मी स्वतः स्वेटर नेऊन ठेवलेत. पण सरकारच्या त्या उपक्रमाने आमच्या गल्लीत येऊन अजून काही विचारलेलं नाही. इंदुरात ८५ वॉर्ड आहेत. कचऱ्याची गाडी रोज प्रत्येक दारात जाते. जे शहर दररोज घरोघरी पोचू शकतं, ते वर्षातून एकदा प्रश्न घेऊन पोचू शकणार नाही, हे मला पटत नाही.

प्रश्न मात्र साधे आणि हाताला लागणारे हवेत. गेल्या आठवड्यात किती संध्याकाळी घरची सगळी एकत्र जेवली? कामावर जाण्या-येण्यात रोज किती वेळ जातो? नळाचं पाणी उकळल्याशिवाय मुलाला देता का? रात्री दहाला मुलगी एकटी घरी आली तर तुम्ही दारात उभ्या राहता का? रात्री दोनला छातीत दुखलं तर कोणाचं दार वाजवाल? तुमचं कोणाकडे काही थकलंय का आणि किती वर्षं? उत्तरं शहराची म्हणून एकत्र छापू नयेत, वॉर्डावॉर्डाची वेगळी छापावीत, म्हणजे विजयनगरचं समाधान भागीरथपुऱ्याच्या दुःखावर पांघरूण घालणार नाही. आणि ती उत्तरं नगरसेवकाच्या कार्यालयाबाहेर लावावीत, जिथं आज पुरस्काराचे फोटो लागतात. दुसऱ्या शहराशी तुलना नकोच. माझ्या वॉर्डात मागच्या वर्षीपेक्षा किती घरं पाणी न उकळता पिऊ लागली, एवढं मला कळलं तर मी त्या आकड्यासाठीही शिरा करीन.

छातीत दुखण्याचा तो प्रश्न मी काकूंना विचारून पाहिला. त्यांनी परात बाजूला ठेवली आणि दाराआडच्या खिळ्याकडे बोट केलं. त्यावर किल्ल्यांचे चार जुडगे होते. एक समोरच्या जोशांच्या घराचा, एक वरच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबाचा, एक कोपऱ्यावरच्या भाडेकरू मुलींचा. "आणि माझी त्या मुलींकडे," काकू म्हणाल्या. "मागच्या महिन्यात मला गरगरलं ना, त्याच आल्या धावत. रिक्षा करून नेलं, रात्रभर बसल्या." त्या मुली भंवरकुव्याजवळच्या क्लासला जातात, राज्यसेवेची तयारी करतात. एक मंडल्याची, एक बालाघाटची. पाण्याच्या दिवशी टाकीचा व्हॉल्व्ह आता त्याच फिरवतात.

चौथा जुडगा कोणाचा ते मी विचारलं. शेजारचं घर गेल्या वर्षी विकलं गेलं, ती मंडळी मुलाकडे बंगळूरला गेली. तिथं आता बांधकाम सुरू व्हायचंय, त्या किल्लीचं कुलूपही उरलेलं नाही. काकूंनी ती अजून खिळ्यावरच ठेवली आहे.